कुत्र्याचं मरण आणि आपली मोडशी

मराठीनं इंग्रजीला कोणते शब्द दिले, असा प्रश्न कुणी विचारला की उत्तर देणारा एकदम मुंगसाकडे धाव घेतो. ‘माँगूस’ हा इंग्रजी शब्द ‘मुंगूस’वरून गेला, हे खरंच आहे. पण मुंगसानंतर यादी अडखळते. आपण घेतलेल्या इंग्रजी शब्दांची मोजदाद करता येत नाही, आणि दिलेल्यांच्या नावानं बोटंही पुरी होत नाहीत, याची थोडी खंतही वाटते.

या यादीत एक शब्द सहसा कुणी घालत नाही. तो आता इंग्रजीतही कुणी वापरत नाही. अठराव्या शतकात मद्रासपासून सुरतेपर्यंतचे इंग्रज डॉक्टर एका भयंकर रोगाला ‘मॉर-द-शियँ’ म्हणत. शब्द दिसायला फ्रेंच, आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘कुत्र्याचं मरण’. रोग होता कॉलरा, म्हणजे आपली पटकी.

मग प्रश्न असा: या रोगाला कुत्र्याचं नाव का? कुत्र्यांना पटकी होते का? की या रोगानं माणूस रस्त्याकडेला बेवारस मरतो म्हणून? आपल्याकडेही ‘कुत्र्याच्या मौतीनं मेला’ म्हणतातच की.

दोन्ही तर्क चुकीचे आहेत. निसर्गात पटकी हा मुळात माणसाचाच रोग आहे. आणि या शब्दात कुत्रा कधीच नव्हता. होती ती मोडशी.

१. मोडशीत काय मोडतं?

पाणी बदललं, लग्नाच्या पंगतीत जेवण जरा जास्त झालं, पोट बिघडलं, की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, ‘मोडशी झालीय, आज लंघन कर.’ एक-दोन उलट्या, चार वेळा परसाकडे जाणं, मग पेज नाहीतर मऊ भात, आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामाला. आजच्या मराठीत मोडशी एवढीच. तिला कुणी घाबरत नाही.

शब्दाचं मूळ ‘मोडणे’ या क्रियापदात आहे, असं जुन्या कोशकारांनी धरलं आहे. (मोड आलेल्या मटकीचा इथं काही संबंध नाही.) मोडणे म्हणजे नुसती काठी किंवा खुर्ची मोडणं नव्हे. तापाआधी अंग मोडून येतं. कर्जानं माणसाची कंबर मोडते. उभा असलेला माणूस आतून खचून खाली बसतो, त्यालाही आपण ‘मोडला’च म्हणतो.

आता पटकीत शरीराचं काय होतं ते पाहू, म्हणजे हे क्रियापद किती नेमकं आहे ते कळेल. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पटकीचे जंतू आतड्यात शिरतात आणि तिथं एक विष सोडतात. त्या विषानं आतड्याचा कारभार उलटा होतो. एरवी आतडं पाणी शोषून घेतं, आता तेच शरीरातलं पाणी आणि क्षार बाहेर फेकू लागतं. मोरीचा नळ उघडा राहिला आणि वरची टाकी रिकामी होत गेली, तसं. रोग तीव्र असेल तर तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. जुलाबाला रंग उरत नाही, तो पेजेच्या निवळीसारखा दिसतो. क्षार गेल्यामुळे पोटऱ्यांत गोळे येतात. डोळे खोल जातात, हातापायांची कातडी सुरकुतते, नखं काळीनिळी पडतात, नाडी लागत नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी ओळखू येत नाही. तो मोडलेला असतो.

संस्कृत वैद्यकानं अशा उलटी-जुलाबाच्या रोगाला विषूचिका म्हटलं. तिथं उपमा सुईची, टोचणाऱ्या वेदनेची. ग्रीकांचा ‘कॉलरा’ हा शब्द बहुतेकांच्या मते पित्तावरून आला. एकानं वेदनेला नाव दिलं, दुसऱ्यानं पित्ताला. रोगी प्रत्यक्ष कसा दिसतो ते मला या तिघांत मोडशीच सांगते असं वाटतं. अर्थात माझी मातृभाषा मराठी आहे, तेव्हा हा निकाल पक्षपाती समजायला हरकत नाही.

२. गोव्याचा पावसाळा, १५४३

गास्पार कोर्रेआ हा पोर्तुगीज माणूस एकेकाळी आफोन्सो द आल्बुकेर्कचा लेखनिक होता. त्यानं ‘लेंदास दा इंडिया’ नावाचा प्रचंड इतिहास लिहून ठेवला. तो छापला गेला थेट एकोणिसाव्या शतकात. त्यात १५४३ सालच्या गोव्यातल्या साथीचं वर्णन आहे.

कोर्रेआ सांगतो की त्या पावसाळ्यात इथले लोक ज्याला ‘मोर्शी’ म्हणतात असा एक जीवघेणा रोग पसरला. (अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकरांनी राग मानू नये, हा केवळ पोर्तुगीज कानाचा दोष आहे.) तान्ह्या मुलापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत, लठ्ठ, रोड, आजारी, निरोगी, कुणाचीच सुटका नव्हती. उलट्या, न भागणारी तहान, पायांत गोळे, मेलेल्यासारखे डोळे, काळवंडलेली नखं. एका दिवसात, फार तर एका दिवस-रात्रीत खेळ आटपे. शंभरातले दहाही वाचत नव्हते. चर्चच्या घंटा दिवसभर वाजत राहिल्या, तेव्हा लोकांचा धीर सुटू नये म्हणून गव्हर्नरनं घंटा वाजवायलाच मनाई केली. त्यानं आणखी एक गोष्ट केली. इस्पितळात या रोगानं मेलेल्या एकाचं प्रेत जाणकारांकडून उघडून पाहिलं. पोट आकसून सुरकुतलेलं होतं, बाकी काहीच सापडलं नाही.

पटकी पाहिलेला कुठलाही डॉक्टर हे वर्णन वाचून मान डोलावेल. एका ठिकाणी मात्र तो अडखळेल. कोर्रेआ म्हणतो, गुरंढोरं आणि कोंबड्याही त्याच रोगानं मेल्या. पटकी कोंबड्यांना होत नाही. कोंबड्यांच्या ज्या साथीला आज ‘फाउल कॉलरा’ म्हणतात तिचा जंतू निराळा. एकाच पावसाळ्यात दोन साथी आल्या असतील, किंवा भेदरलेल्या माणसाला प्रत्येक मृत्यू त्याच हाताचा वाटला असेल.

३. मुंबई बेटाच्या भाडेकरूची साक्ष

वीस वर्षांनी, १५६३ साली, गोव्यातच एक पुस्तक छापून निघालं. लेखक गार्सिया द ओर्ता, पेशानं वैद्य. तो १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि इथंच राहिला. पोर्तुगीजांनी मुंबईचं बेट त्याला भाड्यानं दिलं होतं, तेव्हा मुंबईकरांनी त्याला आपला जुना शेजारी समजायला हरकत नाही. १५६८ मध्ये तो वारला. पुढे त्याच्या ज्यू मुळाचा शोध लागला आणि इन्क्विझिशननं १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली.

त्याचं पुस्तक संवादांचं आहे. पोर्तुगालहून नुकताच आलेला रुआनो नावाचा एक काल्पनिक पंडित प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरं देतो. एका संवादात बोलणं चालू असतानाच एक नोकर धावत येतो: मालकाच्या भावाला मोर्शी झाली आहे, लगेच चला. रुआनो विचारतो, हा कुठला रोग? ओर्ता समजावतो की हाच तुमच्या ग्रंथातला कॉलरा, पण इथं फार उग्र, बहुधा चोवीस तासांत मारणारा. आपल्या कामाचं वाक्य पुढे येतं. तो सांगतो की इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही तोच शब्द बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो. शब्द मोडतानाच एका साक्षीदारानं तो पकडून ठेवावा, असं भाषेच्या इतिहासात फार क्वचित घडतं.

अरबीत या रोगाला काय म्हणतात तेही ओर्ता नोंदवतो. तो शब्द आपल्या ओळखीचा आहे, हिंदीतला ‘हैजा’.

इथल्या वैद्यांचे उपायही त्यानं लिहिले आहेत. त्यांत मिरी आणि जिरं घातलेली तांदळाची पेज आहे, गोळे येऊ नयेत म्हणून हातपाय पट्ट्यांनी आवळणं आहे, आणि पायांना डाग देणंही आहे. यातली पेज लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

४. शब्दाला शेपूट कसं फुटलं

‘मोडशी’चं ‘मोर्देशी’ का झालं? यासाठी एक छोटा प्रयोग करा. ‘साडी’ हा शब्द इंग्रजी वळणानं म्हणून पाहा. ‘सारी’ होतो. ‘कवडी’चं इंग्रजीत ‘कौरी’ झालं. आपला ‘ड’ जीभ वर वळवून उच्चारतात. दोन स्वरांच्या मध्ये तो आला की युरोपीय कानाला कधी ‘र’ ऐकू येतो, कधी ‘द’, आणि कधी दोन्ही. कोर्रेआला नुसता ‘र’ ऐकू आला म्हणून ‘मोर्शी’. इतरांना ‘र’ आणि ‘द’ दोन्ही ऐकू आले म्हणून ‘मोर्देशी’.

शेवटचं अनुनासिक शेपूट पोर्तुगीजांच्या सवयीचं. आपला ‘मंत्री’ हा शब्द मलाया द्वीपकल्पातून त्यांच्याकडे गेला आणि ‘मांदारिं’ झाला. त्यावरूनच इंग्रजीत चिनी अधिकाऱ्यांना ‘मँडरिन’ म्हणू लागले. ‘मंत्री’च्या मागे लागलेलं हे शेपूट ‘मोर्देशी’लाही लागलं आणि ‘मोर्देशिं’ तयार झाला. गोव्याचे कोशकार सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी पोर्तुगीजमध्ये गेलेल्या आशियाई शब्दांचा मोठा कोश १९१९ ते १९२१ या काळात प्रसिद्ध केला. त्यांनीही या शब्दाचा उगम कोकणी-मराठी मोडशीतच दाखवला आहे.

पोर्तुगीजांकडून तो सगळ्यांकडे गेला. डच प्रवासी लिन्स्खोटेनच्या १५९६ सालच्या पुस्तकात तो आहे. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ च्या सुमारास मुंबई-सुरत भागात होता, पुढे जुन्नरलाही जाऊन आला. तो ‘मॉर्डिशीन’ लिहितो आणि हा शब्द पोर्तुगीजांचा आहे असं सांगतो. मोडशीचं माहेर ज्या मुलखात, तिथंच फिरणाऱ्या इंग्रजाला ती पोर्तुगीज वाटावी यात गंमत आहे. त्याला वाटेतल्या आडत्याचं नाव कळलं, मालकाचं कळलं नाही.

५. फ्रेंच कानात शिरलेला कुत्रा

अनोळखी शब्द कानावर पडला की आपण त्यात ओळखीचं काहीतरी शोधतो. ‘अ‍ॅस्परॅगस’ हा लॅटिन शब्द इंग्लंडच्या भाजीवाल्यांना कळेना, तेव्हा त्यांनी त्याचा ‘स्पॅरो-ग्रास’, म्हणजे चिमणीचं गवत, करून टाकला. पहारेकऱ्याच्या ‘हू कम्स देअर’चं आपल्याकडच्या शिपायांनी ‘हुकुमदार’ केलं. यात अडाणीपणा नाही. अर्थहीन आवाज लक्षात ठेवणं मनाला जड जातं, म्हणून मन त्याला जवळचा अर्थ चिकटवून मोकळं होतं. अशा व्युत्पत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

फ्रेंच माणसानं ‘मोर्देशिं’ ऐकला तेव्हा हेच झालं. त्याच्या भाषेत ‘मॉर’ म्हणजे मरण, ‘द’ म्हणजे चा-ची-चं आणि ‘शियँ’ म्हणजे कुत्रा. तिन्ही तुकडे आयते मिळाले आणि अर्थही रोगाला शोभणारा निघाला. मग ‘मोर्देशिं’ कोण म्हणेल! शब्द ‘मॉर-द-शियँ’ झाला आणि इंग्रजांनी तो फ्रेंच समजून जसाच्या तसा उचलला. फ्रेंचांच्या बूरबाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियाँवर, तर अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका वृत्तांतात सरळ ‘कुत्र्याचा रोग’ असंच नाव आढळतं. त्यावरचा उपाय काय? रोग्याच्या टाचेला तापल्या लोखंडाचा डाग. नाव पार बदललं, पण डाग मोडशीबरोबर समुद्र ओलांडून गेला.

हे कोडं हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघांनी १८८६ च्या आपल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात नीट मांडलं. त्या कोशाचं नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरमच्या मिरवणुकीतली ‘या हसन, या हुसैन’ ही हाक गोऱ्या सोल्जरांना अशी ऐकू येई, म्हणून हे नाव. म्हणजे ज्या रोगानं मोडशीचा कुत्रा झाला, तोच रोग या कोशाला नावापासून जडलेला आहे.

६. नाव बदललं आणि रोग ‘नवा’ झाला

१८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालमधल्या जेसोरला पटकीची साथ सुरू झाली. त्याच वर्षअखेर गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज पेंढारी-मराठ्यांवरच्या मोहिमेसाठी बुंदेलखंडात छावणी टाकून होता. तिथं त्याच्या सैन्यातली आणि बाजारबुणग्यांतली हजारो माणसं मेली. १८१८ मध्ये साथ मुंबईला पोचली. पुढे ती देशाबाहेर गेली, आणि नंतरची लाट १८३१ मध्ये थेट इंग्लंडच्या संडरलँड बंदरात उतरली.

सरकारी अहवालांनी ‘कॉलरा मॉर्बस’ हे नाव धरलं. इंग्लंडातल्या वर्तमानपत्रांनी ‘कॉलरा’ उचलला. संडरलँडच्या बंदरात मॉर-द-शियँ कुणाला ठाऊक असणार? १८१३ साली जेम्स जॉन्सन नावाच्या डॉक्टरला उष्ण देशांवरच्या पुस्तकात मॉर-द-शियँ म्हणजे कॉलरा मॉर्बसचंच उग्र रूप, असं समजावून सांगावं लागलं होतं. थोड्याच वर्षांत समजावण्याची गरजही संपली, कारण शब्दच संपला.

त्यातून एक घोटाळा झाला. हेस्टिंग्जच्या कारकिर्दीपूर्वी हिंदुस्थानात पटकीची साथ नव्हतीच, असं अनेकजण मानू लागले. यूलनं हा समज निराधार ठरवला, आणि तो पसरायला हे जुनं नावही कारण झालं असावं असं म्हटलं. १९७० सालच्या रेल्वे वेळापत्रकात ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ शोधलं तर सापडणार नाही. म्हणून तेव्हा तिथं स्टेशनच नव्हतं असं कुणी म्हणत नाही, व्हीटी शोधायचं असतं हे आपल्याला माहीत असतं. जुन्या पुस्तकांत ‘कॉलरा’ धुंडाळणाऱ्यांना मोडशीची ही सोंगं माहीत नव्हती.

७. पण शब्दावर किती भरवसा ठेवायचा?

इथं यूलच्या उत्साहाला थोडा लगाम घालायला हवा. शब्द सापडला म्हणजे रोग सापडला, असं होत नाही. मोडशीचे अर्थ दोन आहेत, आणि ते आज झालेले नाहीत. सतराव्या शतकात गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कोठडीत राहून आलेला फ्रेंच डॉक्टर शार्ल देलाँ या रोगाला अपचनच म्हणतो. १७८२ साली सोनेरा हा फ्रेंच निसर्गअभ्यासक मॉर-द-शियँ हे अपचनाचं नाव सांगतो आणि मांस खाणाऱ्या जातींना ते जास्त होतं असा शेरा मारतो.

तेव्हा नाव बाजूला ठेवून लक्षणांची चाळणी लावायची. चार प्रश्न पुरेत: मरण किती वेळात आलं? उलटी-जुलाब दोन्ही होते का? हातापायांत गोळे आले का? एकाच वेळी पुष्कळ माणसं पडली का? कोर्रेआची १५४३ ची साथ या चाळणीत फार थोडी अडते, तीही कोंबड्यांपाशी. ओर्ताचा रोगी एकटा आहे, म्हणून साथीच्या प्रश्नाला तो उत्तर देत नाही, पण चोवीस तासांची मुदत बोलकी आहे. फ्रायरनं उलटी, जुलाब आणि डाग एवढंच टिपलंय. त्याच्यावर निकाल देता येत नाही. सोनेराचं अपचन चाळणीतून खाली पडतं. याउलट चार्ल्स कर्टिसनं १७८२ मध्ये मद्रासच्या आरमारी इस्पितळात पाहिलेले इंग्रज खलाशी, गोळ्यांनी पिळवटून काही तासांत गार पडणारे, चाळणीत टिकतात. त्याच्या पुस्तकातही रोगाचं नाव मॉर-द-शियँच आहे.

एवढ्यावरून मी जो निष्कर्ष काढतो तो असा: पटकी इथं १८१७ च्या कितीतरी आधीपासून होती. १८१७ मध्ये नवा होता तो तिचा पसारा. फौजा आणि जहाजं तिला कुठल्या कुठे घेऊन गेली.

८. पेज

तापल्या लोखंडाचा डाग कुणाला बरं करत नव्हता. रक्त काढण्याचा उपाय एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टरांनी मोठ्या विश्वासानं केला. पाणी गमावून मरणाऱ्या माणसाचं उरलंसुरलं रक्तही काढायचं, याहून उलटा उपचार सुचणं कठीण आहे. जॉन स्नोनं १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवलं, रॉबर्ट कॉखनं १८८४ मध्ये कलकत्त्यात जंतूवरचं काम पुरं केलं. कारण कळलं, तरी रोग्याला तारणारा स्वस्त उपाय हाती यायला आणखी बराच काळ गेला.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची शिरेतून द्यायची सलाइन संपत आली, तेव्हा त्यांनी पाण्यात मीठ, सोडा आणि ग्लुकोज मिसळून ते तोंडानं पाजायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. पिष्ट किंवा साखर सोबत असली की आतडं मीठ आत घेतं आणि मिठामागून पाणीही आत येतं, एवढंच यामागचं तत्त्व. पुढे ग्लुकोजऐवजी तांदळाचं पीठ घालूनही असं द्रावण यशस्वीपणे वापरलं गेलं.

ओर्ताच्या पुस्तकातल्या वैद्यांना हे तत्त्व माहीत होतं असं म्हणणं म्हणजे पुष्पक विमानाचं इंजिन शोधण्यासारखं होईल. त्यांनी पेजेबरोबर डागही दिले होते. तरीही त्यांच्या सगळ्या उपायांत आजच्या डॉक्टरच्या थोडाफार जवळ जाणारा उपाय पेजेचाच आहे.

इंग्रजीच्या मोठ्या कोशांत मॉर-द-शियँ आता इतिहासजमा शब्दांत मोडतो. मराठीत मोडशी शिल्लक आहे, पण पोट बिघडण्यापुरती. जीव घेण्याचं काम तिनं पटकीला देऊन टाकलं. आणि ‘हॉब्सन-जॉब्सन’ कधी हाती आलंच, तर त्यात मोडशी ‘मोडशी’खाली शोधू नका. तिची सगळी कुळकथा ‘मॉर-द-शियँ’च्या नोंदीत आहे.